कोणते मूल हवे? : प्रस्तावना

विलेपार्ल्यातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात शिरताना पाटी दिसते: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' या पाटीमागे मोठा लढा आहे. मुंबईतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण त्याच केंद्रात पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचा कणा, मेंदू, हृदयाचे कप्पे तपासले जातात आणि व्यंग आढळले तर गर्भ ठेवायचा का, हा प्रश्न आईबापांपुढे येतो. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे गुन्हा, गंभीर व्यंगासाठी नाकारायला मात्र कायद्याची वाट आहे. हा फरक कशाच्या आधारावर, हेच या विषयाचे मूळ.

नव्या वाचकांनी २००८ च्या मुंबई उच्च न्यायालयातल्या खटल्यापासून सुरुवात करावी. भाईंदरच्या एका गर्भवतीच्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष आढळला, तोवर गर्भपाताच्या कायद्यातली २० आठवड्यांची मुदत उलटली होती. तिचे डॉक्टर निखिल दातार तिच्यासोबत न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. त्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास मुदतीची अट उरत नाही. वाचताना आधी त्या आईच्या जागी उभे राहा. सिद्धान्त नंतर.

मग दोन कायदे शेजारी ठेवा. १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भतपासणीला मुभा देतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सिकलसेल आणि थॅलेसेमिया असलेल्यांना हक्क देतो. गडचिरोली-नंदुरबारमधल्या सिकलसेलग्रस्त कुटुंबांना दोन्ही लागू. माझ्या मते दोन्ही रास्त आहेत आणि निर्णय आईचाच असावा. मात्र तो आजार घेऊन जगणारे माणूस निर्णयाआधी तिला क्वचितच भेटते, ही उणीव मला फार बोचते.

उलट टोकाचे उदाहरणही टाळू नका. अमेरिकेतल्या एका कर्णबधिर जोडप्याने बाळ कर्णबधिर व्हावे म्हणून कर्णबधिर शुक्राणूदाता निवडला. २००२ मध्ये त्यावर जगभर वाद झाला. त्यांच्या लेखी ते व्यंग नव्हते, ती त्यांची भाषा आणि बिरादरी होती. पटले नाही तरी त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.

एक विनंती: दिव्यांग लेखकांचे लेखन शेवटासाठी राखू नका, डॉक्टर आणि वकिलांच्या आधी ते वाचा.