लोणारच्या विवराचे आकाशातले कूळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराला आजवर दोन कुळे चिकटवली गेली. लोककथेने ते लवणासुराच्या वधाशी जोडले, तर भूशास्त्राने बराच काळ ज्वालामुखीशी. हे दुसरे नातेही उगाच सुचलेले नव्हते. दख्खनचा हा सगळा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने घडलेला; त्यात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खळगा दिसला, तर आधी ज्वालामुखीच आठवणार. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1896 मध्ये ॲरिझोनाच्या विवराची तुलना लोणारशी केली आणि उगम वाफेच्या स्फोटात शोधला. जोडी त्यांनी बरोबर लावली, कारण मात्र चुकले. ॲरिझोनाचे विवर लघुग्रहाच्या आघाताचे ठरले आणि लोणारही त्याच घरचे निघाले.

याचा पुरावा गाळाखाली होता. 1973 मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या तळातून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट दाखवून दिले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ धक्क्याने काचेसारखे होते, ते हे. त्यासाठी हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब क्षणभर लागतो आणि एवढा दाब कोणताही ज्वालामुखी देत नाही. आघाताची साक्ष सहसा धक्का बसलेल्या क्वार्ट्झमध्ये शोधतात, पण बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. कोणती साक्ष उरणार हे आघात झेलणारा खडकच ठरवतो. उदाहरणार्थ, रायपूर शहराखाली छत्तीसगढ खोऱ्यातले प्राचीन चुनखडी-शेलचे थर आहेत. लोणारला आदळलेला दगड तिथे पडला असता, तर पुरावा वेगळ्याच रूपात शोधावा लागला असता. कोणी विचारेल, पडलेला दगड कुठे आहे? एवढ्या वेगाच्या आघातात तो बहुतांश वितळतो किंवा त्याची वाफ होते. तुकडा सापडला नाही म्हणून आघात खोटा ठरत नाही. वयाचा आक्षेप अधिक गंभीर आहे: एका पद्धतीने विवर सुमारे 52 हजार वर्षांचे येते, आर्गॉनच्या मोजणीने सुमारे 5 लाख 70 हजार. फरक दहापटीहून जास्त आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण यातला कोणताही आकडा घेतला तरी दख्खनचा लाव्हा त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच थंडावला होता, म्हणजे ज्वालामुखीचा दावा दोन्हीकडून पडतो.

मग हा दगड आला कुठून? अशा लघुग्रहांचे माहेर बहुतेक वेळा मंगळ आणि गुरू यांच्यामधला पट्टा असते. सूर्याच्या उष्णतेने तापलेला दगड ती उष्णता अवकाशात सोडतो आणि त्या नाममात्र रेट्याने त्याची कक्षा लाखो वर्षांत सरकते. गुरूच्या एका फेरीत दगडाच्या तीन फेऱ्या होतात अशा जागी तो पोचला, की गुरूची ओढ त्याची कक्षा लांबट करत नेते, ती पृथ्वीच्या कक्षेला छेदेपर्यंत. लोणारच्या दगडाची नेमकी वाट मात्र आता काढता येणार नाही. विवरावरून त्याच्या आकाराचा अंदाज बांधता येतो, तोही वेग आणि घनता गृहीत धरून. कक्षा त्याच्याबरोबरच संपली.

आकाशातल्या जिवंत लघुग्रहाचे उलटे असते: कक्षा आधी कळते, आकार मागाहून. 27 डिसेंबर 2024 रोजी सापडलेल्या 2024 वायआर4 याचा आकार केवळ तेजावरून 40 ते 90 मीटर धरला होता. वेब अवकाश दुर्बिणीने तो सुमारे 60 मीटरवर आणला. 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. शास्त्रज्ञांनी आधी घाबरवले आणि मग शब्द फिरवला, असा आरोप झाला. तो चुकीचा आहे. निरीक्षणे वाढतात तसा अनिश्चिततेचा पट्टा आखडतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी चढते आणि ती बाहेर पडली की कोसळते. मोजणी नीट चालल्याची ती खूण आहे. अपोफिस या लघुग्रहाचेही तसेच झाले. 2029 मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता 2004 मध्ये 2.7 टक्क्यांवर गेली होती. पुढच्या मोजणीने 2029 चा धोका काही दिवसांतच संपला आणि 2021 च्या रडार निरीक्षणांनी पुढच्या शंभर वर्षांचाही. सुमारे साडेतीनशे मीटरचा हा लघुग्रह 13 एप्रिल 2029 रोजी पृष्ठभागापासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून, भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल आणि पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा त्याच दिवशी बदलेल. लोणारच्या दगडाच्या बाबतीत जे कधीच पाहता येणार नाही, ते वळण या वेळी आधी आणि नंतर, दोन्ही बाजूंनी मोजले जाईल.