काबरांची गिटार : गिब्सन सुपर ४००

ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी रागसंगीतासाठी बदलून घेतलेली गिटार. मूळचे जोधपूरचे काबरा हे सरोदिये अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांची गिटार घराघरांत पोचली ती १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेमुळे. त्यात शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला होता.

मूळ वाद्य अमेरिकी. गिब्सन कंपनीने सुपर ४०० हे मॉडेल १९३४ मध्ये काढले. किंमत चारशे डॉलर, म्हणून नावही तेच. पोकळ खोड तब्बल १८ इंच रुंद, वरची फळी स्प्रूसची, कोरून फुगीर केलेली. पाठ मेपलची, पडद्यांची पट्टी आबनुसाची आणि दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी छिद्रे. विजेवर चालणारी सीईएस आवृत्ती १९५१ मध्ये आली. एल्व्हिस प्रेस्लीने १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजवली ती याच जातीची, त्याचा साथीदार स्कॉटी मूर याची.

जॅझ वाद्यवृंदात घसघशीत कॉर्ड ऐकू यावेत म्हणून घडवलेले हे वाद्य काबरांनी आडवे मांडीवर घेतले. बदल मोजके. मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, म्हणजे नट, त्यांनी उंच केली आणि आधारस्वराची एक तार जोडली. साध्या गिटारीत तारा पडद्यांपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर असतात आणि बोटाने दाबल्या की पडद्याला टेकतात. नट उंच केल्यावर तार पडद्याला लागतच नाही. पडदे उरतात ते नजरेच्या खुणांपुरते. डाव्या हातातला पोलादी दांडा तारेवरून सरकतो, उजवा हात छेडतो. सतारीत मींड घ्यायची तर तार पडद्यावर आडवी ओढावी लागते आणि त्या ओढीला मर्यादा असते. इथे षड्जापासून पंचमापर्यंत सूर न तुटता जातो. मात्र दांडा केसभर चुकला तरी सूर बेसूर. एवढ्या थोड्या सुतारकामात वाद्याचा स्वभाव इतका बदलल्याची उदाहरणे विरळाच.

‘कॉल ऑफ द व्हॅली’चे निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी.

पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. तिच्यावरील वादनाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी नावाची स्वतंत्र गिटार तयार केली.