घासण्या-पुसण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड-किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. मोरीवरच्या राखेच्या डब्याचा इतिहास कोणी सांगत नाही. पण घरातला रोजचा मळ काढण्याची रीतही काळाबरोबर बदलत आली आहे, आणि ती समजून न घेता वस्तूंचे नुकसान करणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकाही आहे.

आपल्या आज्यांच्या घरी जमीन शेणाने सारवलेली, चूल मातीची आणि भांडी तांब्या-पितळेची असत. चुलीतली राख, नारळाची शेंडी, चिंच आणि रिठे एवढ्यावर सारे भागे. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. ओली राख तेलकट भांड्याला लागली की जागच्या जागी थोडासा साबणच तयार होतो. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवते. कल्हईच्या भांड्याला आतून वाळू लावू द्यायची नाही, हा तर आजीचा कडक नियम! कथिलाचा तो पातळ थर गेला की आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. रसायनशास्त्र न शिकताही तिने हा मेळ बरोबर बसवला होता.

पुढे वस्तू बदलल्या. सॉल्वे या बेल्जियन गृहस्थाने १८६१ साली मिठापासून सोडा करण्याची नवी रीत काढली आणि धुण्याचा सोडा स्वस्त झाला. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढले, आणि कालांतराने त्याची हलकी पातेली आपल्या ओट्यावर आली. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत मी असेच एक पातेले सोड्याच्या पाण्यात उकळले. ते काळेठिक्कर पडले! ॲल्युमिनियमवर जी नैसर्गिक संरक्षक साय असते, तीच सोडा खाऊन टाकतो, हे मला फार उशिरा कळले.

पातेल्याचे काय, दुसरे आणता येते. मोरीतली गोष्ट वेगळी. ग्लासगोच्या टेनंटने १७९९ साली ब्लीचिंग पावडरीचे पेटंट घेतले, ते कापड पांढरे करण्यासाठी. अशाच क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले, आणि सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने घटली. केवढे हे उपकार! पण त्याच पावडरीवर फरशीचे ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तो हाच. आमच्या शेजारच्या एक बाई मोरी अधिक स्वच्छ व्हावी म्हणून दार लावून दोन्ही एकदम ओतून बसल्या. खोकत-खोकत बाहेर आल्या म्हणून बचावल्या. तेव्हा भगिनींनो, एका वेळी एकच औषध, खिडकी उघडी, आणि दुसरे वापरायचेच तर मध्ये भरपूर पाणी ओतून, दुसऱ्या दिवशी. मोझेकवर तर ॲसिड नकोच. त्यातले सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे दोन्ही त्याने झिजतात. साबणाचे कोमट पाणी पुरे.

ते काळे पातेले मी टाकले नव्हते. एका वडीलधाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून त्यात चिंचेचे पाणी उकळले, तेव्हा ते बरेचसे उजळले.