कुसूर घाटाखालचा बाजारहाट

कर्जत तालुक्यातील भिवपुरी हे गाव आंदर मावळातून कोकणात उतरणाऱ्या कुसूर घाटाच्या पायथ्याशी वसलेले असून, गाडीरस्ते होण्यापूर्वी लमाणांचे तांडे, म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे काफिले, ज्या वाटांनी देश आणि कोकण यांच्यात माल नेत, त्यांपैकी ही एक वाट होती. या व्यापारावर गावाच्या रोजच्या गरजा भागत असाव्यात, असा समज मात्र फसवा आहे. बैलाच्या पाठीवरून घाट चढवण्याचा खर्च मिठासारख्या, जवळपास न मिळणाऱ्या जिनसांनाच परवडे. भात, नाचणी, वरी, बांबूच्या टोपल्या आणि गाडगी-मडकी पायी जाऊन दिवस मावळण्यापूर्वी परतता येईल एवढ्या टापूतच तयार होत आणि तिथेच खपत.

हा टापू प्रथम मोडला तो वाहतुकीने. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली आणि कुसूरसारख्या बैलवाटा मागे पडल्या. (भिवपुरी रोड हे स्थानक मूळ गावापासून बरेच दूर, मुंबईहून येताना कर्जतच्या अलीकडे आहे; रुळांनी गावाचे केवळ नाव उचलले.) रेल्वेमुळे बाहेरचा माल स्वस्त झाला, तसेच मुंबईची भूकही जंगलापर्यंत पोहोचली. खैराच्या लाकडापासून कात काढणारे कातकरी ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबू लागले. तो कोळसा फार लांबून येत नव्हता, तरीही त्याने डोंगर उघडे पाडले, ही बाब ‘स्थानिक’ या शब्दाला आपोआप पुण्य चिकटवणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

1922 मध्ये भिवपुरीचे टाटा जलविद्युत केंद्र सुरू झाले. वीज मुंबईला गेली. पण जनित्रे फिरवून बाहेर पडणारे पाणी, ज्याला अवजल म्हणतात, पेज नदीतून आणि पुढे राजनाला कालव्यातून शेतांत पोहोचल्यामुळे एरवी पावसावर अवलंबून असलेल्या या भागात उन्हाळी भात पिकू लागले.

भात पिकले तरी ते पिकवणाऱ्याच्या घरात टिकेलच असे नव्हते. पावसाळ्यात सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य घ्यायचे आणि सुगीत ते वाढीव मापाने फेडायचे, या चक्रात पीक खळ्यावरूनच निघून जाई. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी त्यावर धान्यकोठीचा उपाय काढला. सुगीत जमवलेले धान्य अडचणीच्या महिन्यांत त्याच परिसरातील गरजूंना मिळे. 1942 च्या आंदोलनात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेतेही तेच होते, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. धान्यकोठीची कल्पना पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांत पुन्हा रुजवली.

धान्य परिसरातच राहण्याचा हा सामाजिक लाभ झाला; जवळच्या खरेदीचा पर्यावरणीय लाभ मोजताना मात्र अंतराला फार वजन दिले जाते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या जागतिक अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्के दिसतो. पाणी साचवलेल्या भातखाचरातून सुटणारा मिथेन तर भात शेजारच्या शेतातले असले तरी कमी होत नाही. अंतराऐवजी पिकवण्याच्या पद्धतीची कसोटी लावली तर पावसाच्या तोंडावर ठाकूर आणि कातकरी आदिवासी स्त्रिया विकायला आणतात ती शेवळे, आणि त्यामागून येणारी कुर्डू, टाकळा व कंटोली, या रानभाज्या सर्वांत सरस ठरतात, कारण त्यांना नांगर, खत वा कालव्याचे पाणी लागत नाही. लागते ते कोळसाभट्ट्यांतून वाचलेले रान.