तोरणमाळ: तळ्याकाठचा कागद

भूगोल निसर्ग घडवतो, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. विद्यार्थ्यांना घेऊन तोरणमाळला गेलो, तेव्हापासून ते मला पटेनासे झाले आहे.

शहाद्याकडून निघाले की तापीखोऱ्यातली काळी जमीन, ऊस, केळी, कापूस मागे पडतात. सातपायरीचा घाट चढला की सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर सातपुड्याचे सपाट पठार लागते. तिथे यशवंत तलाव आहे, कमळ तलाव आहे, सागामोहाचे रान आहे आणि पुढे सीताखाईची खोल दरी. 1998 पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. आता नंदुरबारात आहे. पर्यटनाच्या वर्णनांत बहुधा थंड हवा, तलाव आणि गोरखनाथाचे मंदिर एवढेच येते. भिल्ल-पावरा माणूस आला तर छायाचित्रापुरता.

वर माणूस, पाणी, रान आणि खाली सुपीक जमीन, ही वाटणी नुसत्या निसर्गाने केलेली नाही. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातले भिल्ल जुमानत नव्हते. म्हणून 1825 मध्ये आउट्रामने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि धरणगावी तिचे ठाणे झाले. भिल्लाविरुद्ध भिल्ल! पुढे 1878 च्या वनकायद्याने रान सरकारी राखीव होत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची फिरती शेती गुन्हा ठरली. सपाटीवर कर्जापायी आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते लढले, 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. वनहक्काचा कायदा यायला मात्र 2006 उजाडले.

तळ्याकाठी मला माझी आजी आठवली. तिला गावच्या विहिरीवर दोर सोडता येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हा पाणी. 1927 चे चवदार तळे आमच्या घरात तिच्यामुळेच पोचले. म्हणून मी तिथल्या एका पावरा म्हाताऱ्याला विचारले, “हे तळे कोणाचे?” मला काहीतरी निरागस उत्तर हवे होते, हे कबूल करतो. शिकलेल्या माणसाला आदिवासी भोळाच लागतो.

त्याने उत्तर दिलेच नाही. झोपडीत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला वनहक्काचा कागद घेऊन आला. “सर, वाचून सांगा.”

आमच्या घरात कागद वाचणारा पहिला मीच, त्यामुळे ही विनवणी मला नवी नव्हती. कसत असलेल्या जमिनीपेक्षा कागदावरची जमीन कमी होती. चतुःसीमा वाचली. पूर्वेला ‘राखीव वन’.

“तिथे माझ्या बापाचे शेत होते,” तो म्हणाला.