हाफ चॅप्सचे माप

१. हाफ चॅप्स : घोडेस्वाराने आखूड बुटांवर चढवायचे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे चामडी आच्छादन. माप स्वारीची विजार व बूट घालूनच द्यावे. पोटरीचा घेर सर्वांत जाड जागी घेतात. फीत अंगाला टेकलेली हवी, आवळलेली नको. उंची मात्र खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनात वाकवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजतात. दोन्ही पाय वेगळे मोजावेत. पोटऱ्या क्वचितच सारख्या असतात. वापराने चामडे घोट्याशी चुण्या पडून खाली बसते, म्हणून कारागीर उंची थोडी वाढवून धरतो. गगनबावड्याच्या मुसळधार पावसात करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना भिजलेले चॅप्स सावलीतच वाळवावेत. चुलीजवळ ठेवल्यास चामडे आखडते आणि माप चुकते. — संपा.