४,२९,४९,६७,२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी विषम, संयुक्त संख्या. मूळ अवयव दोनच : ६४१ आणि ६७,००,४१७. क्रमांक शून्यापासून मोजत असल्याने हिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात. तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत.

तुलूझचे न्यायाधीश प्येर द फर्मा यांनी १६४० मध्ये २ च्या १, २, ४, ८, १६, ३२... व्या घातांत १ मिळवून होणाऱ्या या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असे पत्रातून कळवले. सिद्धता हाती नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. १७२९ मध्ये गणितज्ञ गोल्डबाख यांनी गणितज्ञ ऑयलर यांचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून ते खोडून काढले.

हा विभाजक चाचपडत शोधावा लागत नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, असे ऑयलर यांनी सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच बाकी शून्य! पुढे गणितज्ञ ल्यूका यांनी ६४ च्या जागी १२८ आणले. मग ६४१ च्या आधी उरते ती फक्त २५७. आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसल्याने तीही बाद होते.

भागाकार न करताही हे पटवता येते, आणि ती रीत फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. तसेच ६२५ + १६. म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१, आणि त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ च्या जागी −१६ घालावे, कारण ६४१ च्या हिशेबात दोन्ही सारखेच. १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. त्याची बाकी −१ ठरते. त्यात १ मिळवला की शून्य.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन तऱ्हांनी लिहिता येते : ६५,५३६ चा वर्ग अधिक १, आणि ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीज. मूळ संख्येला अशी दुसरी तऱ्हा नसतेच.

फर्मा यांच्याच प्रमेयावर आधारलेली कसोटी २ हा पाया घेऊन लावली, तर ही संख्या मूळ असल्यासारखी उत्तीर्ण होते. ३ घेतल्यास पकडली जाते.

एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी व कंपासने काढता येत नाही; त्यासाठी बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ मात्र पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार आहे; म्हणून तेवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंच्या अशा ज्ञात बहुभुजांत तोच सर्वांत मोठा.